पाण्याला डावं-उजवं कळतं

‘पोहता येतं का?’ ह्या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरं आहेत, हो किंवा नाही. ‘हो’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, ‘कुठल्या बाजूने?’ मी तो हॉस्टेलच्या मेसमध्ये विचारला, तर आख्खं टेबल हसलं. "काहून वं, पोहण्यात बी साईड असते काय?" असते ना! टीव्हीवरचा कुठला बॅट्समन डावखुरा आणि कुठला उजवा हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण आपण स्वतः पाण्यात उतरल्यावर आपला कुठला हात काम करतो आणि कुठला नुसताच सोबतीला येतो, हे बहुतेकांना सांगता येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. प्रत्येकाची एक बाजू जोरकस असणारच, ती असू द्यावी. पण दुसरी बाजू अडाणी ठेवू नये. आणि हे फक्त मेडलवाल्यांसाठी नाही. सुट्टीत ग्रुपने धरणावर, तलावावर जाणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ते जास्त महत्त्वाचं आहे. का, ते पुढे सांगते.

(आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘जलतरण’ हा शब्द मला अजूनही स्पर्धेच्या बॅनरवरचाच वाटतो, त्यामुळे मी आपली ‘पोहणं’च म्हणणार. ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं!)

उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की अमरावती काय आणि अकोला काय, टँकवर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा काठावर बसून पाच मिनिटं फ्रीस्टाईल मारणाऱ्यांकडे बघा. जवळजवळ प्रत्येकाचं तोंड श्वास घ्यायला दर वेळी एकाच बाजूला बाहेर येतं. बहुतेकांचं उजवीकडे, काहींचं डावीकडे. मग हातांकडे बघा. एक हात लांब जातो, पाणी धरतो, मांडीपर्यंत ओढत आणतो. दुसरा हात पाण्यात पडतो, थोडा खाली दाबला जातो आणि घाईघाईने बाहेर निघतो. चालताना एखादा माणूस लंगडला तर आपण लगेच विचारतो, ‘काय झालं?’ पाण्यात अर्धा टँक लंगडत असतो आणि कुणाच्याच लक्षात येत नाही.

हे होतं कशामुळे? समजा तुम्ही उजवीकडून श्वास घेता. उजवा हात पाण्याबाहेर निघतो तेव्हा मान उजवीकडे वळते. त्या क्षणी तुमचा डावा हात पुढे ताणलेला असतो आणि सगळं शरीर त्याच्या भरवशावर असतं. नवीन शिकणारा माणूस तोंड वर ठेवायला त्याच हाताने पाणी खाली दाबतो. पाणी खाली दाबलं की शरीर वर उचललं जातं, पुढे जात नाही. श्वास संपेपर्यंत डाव्या हाताची ओढायची वेळ निघून गेलेली असते. म्हणजे गंमत अशी, की श्वास उजवीकडे घेतला आणि खराब झाला डावा हात! हजार वेळा असंच झालं की मग ती सवय राहत नाही, स्वभाव होतो.

पोहण्याचे नियम लिहिणाऱ्यांनाही ही गोष्ट चांगली ठाऊक असावी. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात बरोबरच हलले पाहिजेत आणि भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, नाहीतर डिस्क्वालिफाय. फ्रीस्टाईलमध्ये असं काही बंधन नाही, कुठलाही एक हात लागला तरी चालतो. जिथे मोकळीक आहे तिथेच आपलं डावं-उजवं उघडं पडतं.

आता आपल्या लोकांसाठी थोडं मेकॅनिक्स. (घाबरू नका, व्हायवा नाही.) बैलगाडीची कल्पना करा. उजवीकडचा बैल जास्त जोर लावतो आणि डावीकडचा कामचुकार आहे, तर गाडी कुठे वळेल? डावीकडे. आपले दोन हात म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेच्या दोन बाजूंना जुंपलेली जोडी आहे. एका हाताचा जोर गुणिले मधल्या रेषेपासूनचं त्याचं अंतर, हा झाला मोमेंट. दोन्ही बाजूंचे मोमेंट सारखे झाले नाहीत की तुम्ही वळणार. ऑलिम्पिकचा टँक ५० मीटर लांब असतो आणि एक लेन २.५ मीटर रुंद. लेनच्या मधोमध निघालात तर दोन्ही बाजूंना सव्वा मीटर जागा आहे. सव्वा भागिले पन्नास करून कोन काढा, दीड अंशापेक्षा थोडा कमीच येतो. म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकावर दिसेल न दिसेल एवढा वाकडेपणा कायम राहिला, तर भिंत यायच्या आत तुम्ही दोराला धडकलेले असता.

मग आपण रोज का धडकत नाही? कारण तळाशी काळी पट्टी असते आणि डोळे ती बघत असतात. दर दोन-चार हातांनंतर आपण नकळत स्वतःला सरळ करतो. पण हे सरळ करणंही फुकट होत नाही, त्याला ताकद लागते.

दुसरा हिशोब वेगाचा. पाण्याचा रेझिस्टन्स साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून लागणारी पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे. आता समजा चांगल्या हाताच्या वेळी तुमचा वेग सरासरीपेक्षा १० टक्के जास्त असतो आणि वाईट हाताच्या वेळी १० टक्के कमी. १.१ चा घन १.३३१, ०.९ चा घन ०.७२९. दोन्हींची सरासरी १.०३. म्हणजे तेवढ्याच सरासरी वेगासाठी ३ टक्के जास्त मेहनत. हा फरक २० टक्क्यांचा असेल तर जादा मेहनत १२ टक्क्यांवर जाते. हे अर्थातच वहीवरचं सोपं मॉडेल आहे, खरं पाणी एवढं सरळ वागत नाही. पण ‘दोन चकरा मारल्या की दम लागतो’ म्हणणाऱ्यांनी स्टॅमिनाला शिव्या घालण्याआधी दुसऱ्या हाताकडे एकदा बघावं.

डोळे नसते तर काय झालं असतं, ह्याचं उत्तर गावाकडच्या म्हाताऱ्यांकडे आहे. रात्री शेतातून घरी निघालेला माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, त्याला आपल्याकडे ‘चकवा लागला’ म्हणतात. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये ह्याच गोष्टीवर पेपर छापला. त्यांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. तो दिसेनासा झाला की गोल फिरायला लागले. डोळ्यांना पट्टी बांधली तेव्हा तर काही जण २० मीटरइतक्या छोट्या वर्तुळात फिरले, आणि त्यांना वाटत होतं आपण नाकासमोर चाललोय! विशेष म्हणजे एकच माणूस कधी डावीकडे वळायचा तर कधी उजवीकडे. म्हणजे दोष फक्त लहान-मोठ्या पायांचा नव्हता. ‘सरळ’ म्हणजे काय हा डोक्यातला अंदाजच हळूहळू सरकत जातो.

ह्या चकव्याला पाण्यात हरवणारी एक व्यक्ती आपल्या अमरावतीची आहे. कांचनमाला पांडे. जन्मापासून दृष्टी नाही, नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी, आणि डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं सुवर्णपदक. तो गट होता एस-११, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांचा. ह्या गटात सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालावे लागतात, म्हणजे कुणाला थोडा उजेड जाणवत असेल तरी त्याचा फायदा मिळू नये. भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकाने पाठीवर किंवा डोक्यावर टप् करून खूण करतो. त्याला टॅपर म्हणतात. बाकी सगळं स्वतःचं. दोराला हात किंवा खांदा घासला की कळतं, आपण वाकडे चाललोय.

आता मेडले म्हणजे काय ते बघा. बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाईल, सगळे एकामागून एक. दोन प्रकारांत दोन्ही हात बरोबर, दोन प्रकारांत आळीपाळीने. तळाची पट्टी दिसत नाही, शेजारचा कुठे आहे दिसत नाही. आपण डोळ्यांनी जी चूक झाकतो ती इथे झाकता येतच नाही. हात जेवढे सारखे, तेवढी रेष सरळ. पेपरमध्ये तिच्या पदकाची बातमी वाचून आपण ‘जिद्द’, ‘प्रेरणा’ असे शब्द वापरतो आणि पान उलटतो. मला वाटतं तिच्याकडून जिद्दीइतकीच एक टेक्निकल गोष्टही शिकण्यासारखी आहे. न बघता सरळ जाता येणं ही पोहण्याची खरी परीक्षा आहे.

इथे कुणीतरी हात वर करून विचारणार, "मग फेल्प्सचं काय?" प्रश्न बरोबर आहे. मायकेल फेल्प्सने ऑलिम्पिकची २३ सुवर्णपदकं घेतली आणि त्याची फ्रीस्टाईल बघितली तर घोडा दौडतोय असं वाटतं, एका हातावर लांब, दुसऱ्या हातावर आखूड. केटी लेडेकीने २०१२ पासून २०२४ पर्यंत सलग चार ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर फ्रीस्टाईल जिंकली. तीही मुख्यतः उजवीकडूनच श्वास घेते आणि तिच्या पोहण्यातही तीच दौड आहे. म्हणजे जगातले सगळ्यात भारी लोकच एका बाजूचे!

मान्य. पण त्यांचा एकतर्फीपणा निवडलेला आहे, आपला राहून गेलेला आहे. त्यांनी वर्षानुवर्षं दोन्ही हात घडवले, मग शर्यतीसाठी एक लय निवडली. त्या लयीत श्वास भरपूर मिळतो आणि जोरकस बाजूचा पूर्ण फायदा घेता येतो. त्यांचा पुढे थांबलेला हात पाणी दाबत नाही, पाणी पकडायची तयारी करत असतो. आपण एक बाजू निवडत नाही, आपल्याला दुसरी येतच नाही. मराठी न येणं आणि मराठी येत असून इंग्रजी बोलणं ह्यांत जेवढा फरक आहे, तेवढाच हा फरक आहे. (कॉन्व्हेंटवालीचं मत म्हणून ह्याला थोडं वजन द्या!)

म्हणूनच ‘सगळ्यांनी दर तीन हातांनी, दोन्ही बाजूंनीच श्वास घ्यायचा’ हा दुसऱ्या टोकाचा हट्टही मला पटत नाही. मिनिटाला ६० हात मारणारा माणूस दर दोन हातांनी श्वास घेतो तेव्हा त्याला मिनिटाला ३० श्वास मिळतात. दर तीन हातांनी घेतला की २०. एक तृतीयांश हवा गेली! नवशिक्याला आधीच हवेची मारामार, त्यात हा नियम लावला तर तो घाबरून पोहणंच सोडतो. सरावाला दोन्ही बाजू, जोरात जायचं असेल तेव्हा आपली बाजू, एवढं साधं ठेवायला काय हरकत आहे?

डावखुऱ्यांचं तर वेगळंच. मी स्वतः डावखुरी. लिहिते डाव्याने, जेवते उजव्याने, कारण पंगतीत डावा हात ताटाला लागला की आजीचे डोळे मोठे व्हायचे. आपल्या भाषेनेच निकाल लावून ठेवलाय. विश्वासाचा माणूस म्हणजे ‘उजवा हात’, सोपं फालतू काम म्हणजे ‘डाव्या हातचा मळ’, कुणाला बाजूला सारलं की ‘डावललं’. मी शिकायला गेले तेव्हा आमच्या बॅचमध्ये चाळीस मुली होत्या, एक कोच आणि एकच हुकूम, "मान उजवीकडे!" कोण कुठल्या हाताची हे विचारायला त्या बिचाऱ्यांना वेळच नव्हता. मी उजवीकडून श्वास घ्यायला शिकले आणि माझा जोराचा डावा हात नेमका आधार द्यायला पुढे थांबू लागला. त्यात नुकसानच झालं असं मी म्हणत नाही, मजबूत हाताचा आधार मिळतो हेही खरं. पण हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. जगात दहातला एक माणूस साधारण डावखुरा असतो, म्हणजे चाळीसमध्ये आम्ही चौघी तरी असणार. पहिले आठ-दहा दिवस ‘दोन्हीकडे करून बघ, कुठे मोकळं वाटतं ते सांग’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

आता तो धरणाचा मुद्दा. मजा, स्पर्धा, टायमिंग, हे सगळं टँकमध्ये ठीक आहे. अप्पर वर्धाच्या किंवा काटेपूर्णाच्या पाण्याला तळाशी काळी पट्टी नाही, बाजूला दोर नाही, चार हातांवर भिंत नाही. वारा सुटला की लाटा एका बाजूने येतात. तुमची श्वासाची बाजू तीच असली की हवेऐवजी पाणी तोंडात. दुसरी बाजू येत नसेल तर माणूस मान आणखी वर उचलतो, पाय बुडतात, दम जातो, आणि घाबरगुंडी सुरू. शिवाय काठाकडे निघालेला माणूस वाकडा जात राहतो आणि वीस मीटरचं अंतर तीस होतं. दरवर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बुडालेल्या विद्यार्थ्यांच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्यात ‘पोहता येत होतं’ असं वाक्य बरेचदा असतं. प्रत्येक वेळी कारण हेच असतं असं अजिबात नाही. गाळ, खोली, ओढ, दारू, फाजील धाडस, कारणं पुष्कळ. पण टँकमधल्या ‘येतं’ला एकच बाजू असते, हे त्यांपैकी आपल्या हातातलं एक कारण आहे. बंदी आहे तिथे जाऊच नये, हे वेगळं सांगायला नको. पण बंदी नसलेल्या पाण्यातही एका बाजूवर जाऊ नये.

समुद्रात पोहणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पूर्ण केल्या, आशियातला पहिलाच. अशा लांब पोहण्यात सोबतीची बोट एका बाजूला चालते, पोहणारा श्वास घेता घेता तिच्याकडे बघून दिशा धरतो. वारा फिरला, बोट दुसऱ्या बाजूला आली, की श्वासाची बाजू बदलता यायला हवी. मध्येच कुणी ‘मला डावीकडून जमत नाही’ म्हणत नाही.

आणि ही शिकवण काही परदेशातून आणायची गरज नाही. १९१४ साली सुरू झालेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याच अमरावतीत आहे. ह्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवले होते. आपल्या आखाड्यातली साधनंच बघा. मुद्गलाची ‘जोडी’ असते, एक फिरवून दुसरा कोपऱ्यात ठेवता येत नाही. जोर मारताना दोन्ही हात, बैठका काढताना दोन्ही पाय. शरीराला दोन बाजू आहेत हे पहिलवानाला कुणी वेगळं शिकवत नाही, साधनच शिकवतं. पाण्यात तसं साधन नाही, म्हणून मुद्दाम शिकावं लागतं.

त्यासाठी वेगळा खर्च नाही. तीन गोष्टी करून बघा. एक, फक्त उजव्या हाताने एक लांबी जा आणि हात मोजा, मग फक्त डाव्याने. फरक एक-दोनचा असेल तर छान, पाच-सहाचा असेल तर कुठला हात कॉपी करून पास होतोय ते कळलंच! दोन, लेन रिकामी असताना, शेजारी कुणी उभं असताना, डोळे मिटून दहा हात मारा आणि कुठल्या दोराकडे सरकलात ते बघा. तीन, आणि हे माझं सगळ्यात आवडतं, जाताना उजवीकडून श्वास घ्या, येताना डावीकडून. म्हणजे तोंड दोन्ही वेळा टँकच्या एकाच भिंतीकडे राहतं. काही मोजायचं नाही, हवा कमी पडत नाही, आणि दोन्ही बाजूंचा सराव आपोआप निम्मा-निम्मा होतो. पहिले चार दिवस नाकात पाणी जाईल. जाऊ द्या.

जिमखान्याला एक विनंती आहे. इंटरकॉलेजच्या सिलेक्शनला टायमिंग घेताच, त्यासोबत ही हात मोजायची चाचणीही घ्या. आणि हॉस्टेलच्या सहलीआधी ‘पोहता येतं का’ असा रकाना फॉर्मवर असतोच, त्याच्या खाली अजून एक रकाना छापा, ‘दोन्ही बाजूंनी?’ तिथे खरं उत्तर लिहायला लागलं, तर निदान निम्मी मंडळी काठावर बसून भजी खातील. त्यात काही कमीपणा नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दुसरी बाजू शिकायला भरपूर वेळ आहे, सबमिशन धरूनसुद्धा!